डग्गा पायाला लागला पाहिजे

वडील गेल्यावर त्यांचा रेकॉर्ड प्लेअर मी कोल्हापूरला माझ्या घरी आणला आणि तेव्हापासून तो चिरका वाजायला लागला. गाणाऱ्या बाईंचा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा यायचा, आणि तबल्यातला डग्गा तर गायबच. वायरी बदलल्या, स्पीकर सरकवले, चिडचिड झाली. शेवटी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात सांगितलं, तर दुकानदाराने कुरुंदवाडचे एक म्हातारे मेकॅनिक पाठवले. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यांनी दारात चपला काढल्या आणि मशीनकडे न बघता फरशीच्या मधोमध अनवाणी उभे राहिले. "लावा की!"

गाणं सुरू झालं. डोळे मिटून त्यांनी पायाचा अंगठा फरशीवर दोनदा दाबला. "डग्गा पायाला लागंना." मग वाकून सुईची दांडी बघितली. "पावणं, हिचं वजन तुमी कमी केलंय व्हय?"

केलं होतं. वडिलांच्या रेकॉर्डी झिजू नयेत म्हणून सुई मीच जेमतेम टेकवून ठेवली होती.

"सुई वरवर चालली की आवाज बी वरवरच येतोय," ते म्हणाले. "वडलांनी झिजवल्यात, म्हणून तर ही गाणी तुमास्नी पाठ हाईत की!"

त्यांनी दांडीमागचं वजन जरासं फिरवलं. डग्गा घुमला. गाणं संपेपर्यंत म्हातारबांनी चपला घातल्या नाहीत.

हल्ली मी रोज एक रेकॉर्ड झिजवतो. अनवाणी उभा राहून.