ठेका धरणारा

आमच्या वर्ध्याच्या भजनी मंडळाचा तबलजी चहाच्या टपरीवरही व्याख्यान देतो. "ठेका म्हणजे टेकू, भाऊ. गाणाऱ्याले आधार." वाजवताना मात्र इतकी नक्षी काढतो की गाणारा कोलमडतो. शब्दाचं मूळ त्याला माहीत असेल, अर्थ नाही, असं माझं मत होतं.

पुलगावच्या कार्यक्रमात माझी म्हातारी आई भजनाची पुढची ओळ विसरली. लोक कुजबुजू लागले, आईचा चेहरा उतरला. तबलजी तिच्याकडे झुकला. "आरामानं, मावशी. मी हाओ ना." आणि साधा, सरळ ठेका वाजवत राहिला. हळूहळू आईला ओळ सापडली. भजन पूर्ण झालं.

मी आभार मानायला गेलो, तर हा कुरकुरला, "मावशीनं आज मले हात दाखवूच नाई देल्ला."