दोराचं दुसरं टोक

"आजी, बाबांची ही झोप साधी नाही," डॉक्टरीन बाई म्हनल्या. "आत साठलेल्या खराब हवेची गुंगी आहे."

खामगावच्या दवाखान्यात मी दाराजवय उभी होती. माह्या हातात ह्यायच्या चपला होत्या. त्या कुठी ठेवाव्या ते मले समजेना.

आजाराचं नाव सीओपीडी. म्हंजे छातीतल्या नळ्या आखडून जातात, अंदरची हवा बाहीर निंघत नाही. मंग ती रक्तात जमा होते अन् मानूस गुंगते. ते पाह्याले मनगटातून रक्त काढतात, त्याले एबीजी म्हनतात. लय दुखते ती सुई. ह्यायनं हूं का चूं केलं नाही. त्याचंच मले भेव वाटलं.

तुमच्या घरी असं कोनी असंन तं म्हून सांगते. आमची चूक तिथी झाली. हे दिवसा झोपाले लागले, तं आम्ही म्हनलं बरं झालं, रात्री खोकल्यानं झोप नसते, आता तरी लागली. पायावर सूज आली, तं म्हनलं वय झालं. सकायी उठल्यावर डोकं दुखे. पोरगा गजानन इचारे, "बाबा, कसं वाटते?" हे म्हनत, "ठीक." फौजेतून आल्यापासून त्यायचं एकच उत्तर. मोडलेल्या हातानं घरी आले होते तरी ठीकच होते.

पिंपळगाव राजाले त्यायले सारे फौजीच म्हनतात. दोन लढाया पाह्यल्या त्यायनं. पासष्टच्या लढाईत आमचं लगन नव्हतं, तं तवाचं भेव त्यायच्या मायनं काढलं. एकाहत्तरचं माह्या वाट्याले आलं. पोस्टमन दिसला का मी न्हानीत जाऊन बसे. फौज सुटली तं आगीच्या बंबावर लागले. कापसाचा मुलूख आपला. जिनिंगमंधी गठानीले आग लागली का वरून दिसत नाही, अंदरच्या अंदर धुपत राह्यते. तो धूर वर्सानुवर्स छातीत गेला. बिडीचा शौक बी नव्हता, तरी नळ्या गेल्या.

पन तवाचं भेव लांबचं होतं. हे डोयासमोरचं.

बायपॅप म्हनून मशीन असते. तोंडा-नाकावर घट्ट मास्क बांधतात अन् मशीन जोरानं हवा ढकलते, मंग खराब हवा बाहीर येते. चिरफाड नाही, काही नाही. पन पेशंटनं मास्क ठेवला पाह्यजे. ह्यायनं ठेवला नाही.

बांधला का ओढून फेकत. गुंगीत त्यायले वाटे आपन आगीतच हावो. सिस्टरले पाहून गजाननवर ओरडले, "हे पोट्टी उभी काऊन हाये बे? खाली बस म्हना, धूर वर असते."

सिस्टर हसली. गजानन बी हसला. मंग भिंतीकडे तोंड करून रडला.

शेवटी त्यायचे हात पलंगाले बांधले. ते पाह्यनं लय कठीन. त्यायनं मुंडी हालवून हालवून मास्क सरकवला.

डॉक्टरीन बाई मले बाजूले घेऊन गेल्या. "मास्क टिकला नाही तर घशातून नळी टाकून व्हेंटिलेटर लावावा लागेल. या वयात, अशा फुफ्फुसात, ती नळी परत निघेल याची खात्री नाही."

"नाही निंघाली तं?"

डॉक्टरीन बाईनं माह्या खांद्यावर हात ठेवला फक्त.

मी म्हनलं, मले त्यायच्या जवय बसू द्या. अंदर कोनाले बसू देत नव्हते, पन देल्लं. मी जाऊन बसली. डोये माह्यावर, पन ओयख नाही. व्हट हालत होते. मी कान लावला.

"बाहीर कोन हाये?"

"गजानन हाये बाहीर," मी म्हनलं.

"बाहीर कोन हाये? कोनी हाये का नाही?"

तवा कुठी माह्या ध्यानात आलं.

बंबावर एक कायदा होता. जो धुरात जाईन, त्याच्या कमरेले दोर. दुसरं टोक बाहीरच्या मानसाच्या हातात. बाहीरच्यानं झटका देल्ला म्हंजे 'कसा हायेस'. अंदरून एक झटका आला म्हंजे 'बरा हावो'. लागोपाठ आले म्हंजे 'ओढा'. बाहीरच्यानं टोक सोडाचं नाही, पानी प्याले बी नाही. वावरातली हीर उपसाची असली का हे खाली उतरत अन् दोर मले देत. "शांते, गप्पा मारत बसू नको," म्हनत. म्हून माह्या हाताले ते ठाऊक होतं.

आता हे धुरात होते अन् दोर कोनाच्या हाती नव्हता.

मी सिस्टरले पट्टी मांगतली. त्यायचा एक हात सोडाले लावला. सिस्टर म्हने, "आजी, ते पुन्हा ओढतील." डॉक्टरीन बाई म्हनल्या, "सोडा, मी उभी आहे इथे." पट्टीचं एक टोक त्यायच्या मनगटाले बांधलं, दुसरं माह्या मुठीत. मास्क लावला. मी झटका देल्ला.

काही नाही.

आजून एक देल्ला. त्यायनं मनगटाकडे पाह्यलं. लय येळ पाह्यलं. मंग पट्टी तानली गेली. एकदाच.

मास्कले हात लावला नाही मंग त्यायनं.

मी देत राह्यली, ते देत राह्यले. हाताले मुंग्या आल्या तरी उठली नाही. मंग एकदा झटका देल्ला अन् उत्तर आलं नाही. दुसरा देल्ला. नाही. डोये मिटले होते. ही तीच गुंगीची झोप आली का? मी पलंगाची लोखंडी सयी वाजवली.

डॉक्टरीन बाई धावत आल्या. मनगटातून रक्त काढून पाठवलं. त्याचा रिपोर्ट येईलोक मी देवाचं नाव बी घेतलं नाही. टोक धरून बसली फक्त.

"रक्तातली खराब हवा कमी होतेय आजी," त्या म्हनल्या. "ही खरी झोप आहे. झोपू द्या त्यांना."

मी झोपू देल्लं. टोक सोडलं नाही.

आता घरी हावो. हवेची मशीन घुरघुर करते, रात्री मास्क असते. आजार जात नाही, तो असाच राह्यनार. चुलीचा धूर अंदर येऊ देत नाही. दिवसा जास्त झोपले का उठवून बोलून पाह्यतो, उत्तर वाकडं आलं का सिधा दवाखाना. त्या बाईचे उपकार फिटाचे नाहीत. तिनं बुढीचं आयकलं.

मास्क घातल्यावर बोलता येत नाही, म्हून आमच्या दोन बाजांमंधी माह्या परकराची नाडी हाये, एक टोक त्यायच्या मनगटाले बांधेल, एक माह्या. सून हसते, हसू दे.

परवा मले ताप होता. पडल्या पडल्या डोया लागला. मनगटाले झटका बसला. हात उचलाले मले जरा येळ लागला, तं लगेच दुसरा आला, मंग तिसरा. घाईघाईचे. दोन लढाया अन् इतक्या आगी, मी कधी ह्यायले भेताना पाह्यलं नव्हतं. त्या नाडीतून ते भेव माह्या हातात आलं.

मी एक झटका देल्ला. नाडी सैल झाली.