कुवेतच्या पेट्या कोणी बांधल्या

प्रेमिला गजभिये या बाईने एकदा मनावर घेतलं की नागपूरच्या संत्रा मार्केटात कोणाची धडगत नसे. मी तिथे टेम्पो चालवायचो, त्यामुळे सगळ्यांची भांडणं मला फुकटात ऐकायला मिळत. पण अठ्ठ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत तिने जो घाट घातला, त्यात मी स्वतःच पुरता ओढला गेलो.

मार्केटची रीत अशी होती, की बायकांनी जमिनीवर बसून संत्री निवडायची आणि पुरुषांनी पाटावर बसून पेट्या भरायच्या, खिळे ठोकायचे. पाटाची मजुरी जास्त, मानही जास्त. ही रीत कोणी घालून दिली ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण मोडायची म्हटलं की सगळ्यांना आपले बापजादे आठवत. प्रेमिलाबाईचा नवरा कोराडीच्या वीज केंद्रात होता, घर नीट चाललं होतं. तिला पाट हवा होता तो मानासाठी. "छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून मी दीक्षेले गेलती," ती म्हणायची. "आता काय जन्मभर खालीच बसून राहू?"

अशात आमच्या ओमप्रकाश शेठजींना कुवेतहून ऑर्डर आली. संत्री विमानाने पाठवायची होती. आजवर आमचा माल रेल्वेने कलकत्त्याला जायचा, दिल्लीला जायचा. विमान म्हटल्यावर मार्केट येडं झालं. चहाच्या टपरीवर, ज्यांनी विमान फक्त मान वर करून पाहिलं होतं, ते त्यात संत्री कुठे ठेवतात यावर हमरीतुमरीवर आले.

प्रेमिलाबाई सरळ शेठजींच्या गादीपुढे जाऊन उभी राहिली. "शेठजी, या पेट्या आमी बाया भरतो. माल तिकडे चांगला पोचला तं पाट आमचा. नासला तं मी पुन्हा पाटाचं नाव काढत नाही."

शेठजींना तिच्या रोजच्या कटकटीतून सुटायचं होतं. "चलो, मंजूर," ते म्हणाले. पेट्या भरणाऱ्यांचे मुकादम महादेवराव हसले आणि पुडी उघडून तंबाखू मळत बसले.

मग बायकांनी पेट्या भरल्या, आणि काय भरल्या म्हणून सांगू. खाली धानाची ताजी तणस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरली, त्यावर एकेक संत्रं अंडं ठेवावं तसं ठेवलं. वरच्या थरात तर प्रत्येक संत्र्याच्या देठाला हिरवंगार पान. आमच्या बाजारात पान म्हणजे मालाचा दाखला. पान टवटवीत, म्हणजे फळ कालच तोडलेलं. कलकत्त्याचा व्यापारी आधी पान बघतो, मग फळ. प्रेमिलाबाईने पानं ओल्या फडक्याने पुसून चमकवली होती. महादेवरावांना नाव ठेवायला जागा सापडेना, म्हणून ते चहा प्यायला निघून गेले.

सकाळीच पेट्या टेम्पोत घालून मी प्रेमिलाबाई, तिच्या बाया आणि शेठजींना सोनेगावच्या विमानतळावर नेलं. माल तपासणारे साहेब होते गोपाळराव, सभ्य माणूस. त्यांनी एका पेटीची फळी उचकटली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बाई, हा माल जाणार नाही."

"काहून?"

"गवत आणि पानं तिकडे उतरू देत नाहीत. त्यातून कीड जाते. अख्ख्या पेट्या जाळून टाकतील."

शेठजींनी टेम्पोला टेकून कपाळावर हात मारला. मला तर असा संताप आला, की कुवेतवाल्याला एक ओळ लिहून कळवायला काय झालं होतं? बाईने ज्याच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली, तेच तिच्या मुळावर आलं होतं. तिच्याकडे बघवेना मला.

तिने एकदा पेट्यांकडे बघितलं. मग तिने पदर खोचला. "साहेब, विमान दुपारचं हाय ना? कागद चालते काय?"

"पातळ, कोरा कागद असेल तर चालेल."

ती माझ्याकडे वळली. "रुपरावभाऊ, तुमच्या सिंधूताईकडे पतंगीचा कागद उरला असन ना?"

सिंधूताई माझी चुलत बहीण, नंदनवनात पतंगा बनवायची. मी टेम्पो असा काही पळवला, की रस्त्यातल्या गाईंनीसुद्धा आपणहून वाट दिली. ताई दारातच बसली होती.

"संक्रांत होऊन गेली गा, आता कोणाले पतंग पायजे?"

"संत्र्याले," मी म्हणालो.

मला चढली असावी असं तिला वाटलं. पण मी गोष्ट सांगितली मात्र, तिने कागदांचे गठ्ठे उचलले, घरातल्या होत्या तेवढ्या कात्र्या घेतल्या, दाराला कडी घातली आणि माझ्याआधी टेम्पोत जाऊन बसली.

परत येऊन बघतो तर पेट्या रिकाम्या, तणस एका बाजूला, आणि बाया संत्री फडक्याने पुसताहेत. पान ओढून काढलं तर देठ निघतं, आणि देठ निघालं की फळ नासतं. म्हणून पान कात्रीनेच कापायचं. एकीने कापायचं, दुसरीने गुंडाळायचं, तिसरीने भरायचं. गुलाबी, पिवळा, जांभळा, जो हाताला येईल तो कागद. विमानतळावरचे हमाल येऊन बसले, मी बसलो, शेवटी शेठजीही टोपी काढून बसले. त्यांनी गुंडाळलेलं संत्रं प्रेमिलाबाईने उलगडून त्यांच्याच हातात परत दिलं. "शेठजी, पेढा नाई हा. घट्ट बांधा."

विमान उतरल्याचा आवाज आला आणि आम्ही सगळे तिकडे बघायला लागलो. तिने मान वर केली नाही. शेवटच्या पेटीचा खिळा तिनेच ठोकला. गोपाळरावांनी तीन-चार पेट्या उघडून पाहिल्या आणि मान हलवली. पेट्या विमानाच्या पोटात गेल्या, विमान धावलं, उडालं, आणि आम्ही मोठी माणसं कुंपणाला धरून हात हलवत राहिलो, जणू आतून संत्री आमच्याकडे बघत होती. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. बायकोला हे सांगू नका.

मग वाट पाहणं सुरू झालं. महादेवराव येता-जाता विचारायचे, "काय वं प्रेमिला, तुह्या पतंगा कुठवर गेल्या?" ती खाली बसून निवड करत राहायची. पण गादीवरचा फोन वाजला की तिचा हात थांबायचा.

एका दुपारी कुवेतहून तो ट्रंककॉल आला. शेठजींना समोरच्याचं प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणायची खोड होती, म्हणून आम्हाला सगळं कळत गेलं. "सब पहुंच गया? एक भी खराब नहीं? बाजार में सब से पहले बिका?" बायांनी एकमेकींचे हात धरले. मी महादेवरावांकडे मुद्दाम बघितलं.

"किसने बांधा?" शेठजी हसून म्हणाले, "हमारे आदमी ने, और किसने."

बायांनी धरलेले हात सोडले. शेठजींच्या मनात वाईट नव्हतं, जिभेला सवयच तशी होती. प्रेमिलाबाईने हात पुढे केला आणि शेठजींनी रिसीव्हर दिला. तिने आयुष्यात फोन धरला नव्हता. कुवेतपर्यंत तारेवाचूनच ऐकू जावं अशा आवाजात ती बोलली, "हॅलो. आदमीनं नाई, बायांनं बांधलं. मी प्रेमिला गजभिये बोलून राहिली, नागपूरवरून."

तिने थोडं ऐकलं, "हो" म्हटलं आणि रिसीव्हर परत दिला. शेठजी सवयीने मोठ्याने म्हणू लागले, "हां जी, प्रेमिलाबाई ने. अगली बार भी वही बांधेगी, हां जी." पण ते ऐकायला ती थांबलीच नव्हती. बाहेर पाटावर जाऊन बसली होती आणि महादेवरावांकडे हातोडा मागत होती, आणि महादेवराव तो देत होते.