सुरेखा आडवी होत नव्हती

"आता सावकाश पाठीवर या," मी म्हटलं, आणि सुरेखा मॅट गुंडाळून दाराकडे निघाली. आजही.

मुलुंडमधल्या एका स्टुडिओत मी सकाळची योगाची बॅच घेते. सुरेखा माझ्याकडे पहिल्यांदा आली ती कॉलेजात असताना, शीर्षासनाच्या हौसेनं. मग बाळंतपणानंतर आली, कंबर धरून. मध्ये बरीच वर्षं गेली. या वेळी आली ती नवरा गेल्यावर. "झोपच लागत नाय, ताई," एवढंच म्हणाली.

आसनं ती अजून छान करायची. शरीराला सगळं आठवत होतं, ती मात्र दुसरीकडेच असायची. शेवटचं शवासन, म्हणजे उताणं पडून अंग सैल सोडणं, तेवढं टाळायची. आणि झोप हवी तर तेच हवं होतं. त्या वेळी हॉलमध्ये पडद्यातून ऊन झिरपतं, रस्त्यावरचे हॉर्न लांब गेल्यासारखे वाटतात, माझा आवाज मलाच दुरून ऐकू येतो. माझ्या कामातली ही मिनिटं मला फार आवडतात.

मालक नीलेशची तक्रार वेगळी होती. "मॅडम, ती मध्येच उठते, बाकीचे डिस्टर्ब होतात. बोला ना तिला."

मी तिला जिन्यात गाठलं. "काय गं, माझा कंटाळा आला?"

"नाय ओ ताई. इकडे पाय दक्षिणेला येतात." ती थांबली. "ह्यांना घरी तसंच ठेवलेलं ना. पाठ टेकली की छातीत धस्स होतं."

प्रेत दक्षिणेकडे पाय करून ठेवतात, म्हणून घरी आपण तसं कधी झोपत नाही. माझी आई तर तसं झोपलेल्याला उठवून फिरवायची. पण नीलेशने दक्षिणेच्या भिंतीला मोठा आरसा लावला, सगळे आरशाकडे तोंड करून उभे राहू लागले, आणि आडवं होताना दिशा बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शवासनाआधी मी सगळ्यांच्या मॅट फिरवायला लावल्या. डोकी पूर्वेला.

"एसी तोंडावर येतो, मॅडम!"

"येऊ दे. चादर घे."

सुरेखा बराच वेळ बसून राहिली. मग एक हात टेकला, मग पाठ. डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळलं, तिने पुसलं नाही. हळूहळू श्वास लांबला. मला इतका आनंद झाला, की पुढची सूचनाच विसरले.

सगळे उठले. ती नाही. नीलेशने दार किलकिलं केलं. "पुढची बॅच आलीये. उठवा ना तिला."

"आत घे सगळ्यांना. आज आवाज न करता करायचं."

त्या बॅचने तिच्या आजूबाजूला सूर्यनमस्कार घातले. ती घोरत होती.

नव्या शिक्षकांना एवढंच सांगते: आसन जमत नसेल, तर विद्यार्थ्याची कंबर बघण्याआधी हॉल बघा.