बिनतक्रारीची कवळी

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत कवळीवाल्या काकांची खोली. एक टेबल, एक दिवा आणि कपाटभर प्लॅस्टरचे जबडे. दिवसभर इतकी तोंडं समोर, पण बोलायला एकही नाही. पेशंटचं नाव इथे येत नाही, डब्यावर नुसता नंबर असतो. तीस वर्षांत काकांनी किती जणांना हसतं केलं कोण जाणे, त्यातलं एकही हसू त्यांनी पाहिलेलं नाही.

कवळी टोचली, तक्रार आली, तरच डॉक्टर त्यांना पेशंटसमोर बोलावून घेत. असं दोनदाच झालं होतं. कारण काका डोळे मिटून कवळीवरून बोट फिरवत आणि केसाएवढी कड लागली तरी पुन्हा घासायला बसत.

"एवढं कोण बघतंय, काका?" डॉक्टर चिडवत.

"ज्याला जेवायचंय तो."

एका सोमवारी नवा साचा आला. वर बोळकं, खाली थोडे दात, आणि पुढच्या एकाचा कोपरा तिरका उडालेला. काकांचा हात थबकला. लहानपणी झोपाळ्याची फळी त्यांनीच सोडली होती, ती दादाच्या तोंडावर बसून त्याचा दात अगदी असाच उडाला होता. "पायरीवरून पडलो," असं दादानं घरी सांगून टाकलं होतं.

त्याच दादाशी अकरा वर्षं अबोला. आई गेल्यावर तिच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून शब्दानं शब्द वाढला. "बोलावल्याशिवाय माझ्या दारात पाऊल टाकू नकोस," दादा म्हणाला. त्यानं बोलावलं नाही, हे गेले नाहीत. दोघंही एकाच आईची पोरं, दुसरं काय होणार!

तीन दिवसांत कवळी झाली. शेवटचा हात फिरवताना काकांनी आतल्या बाजूला एक कड तशीच ठेवली. टोचेल, तक्रार येईल, बोलावणं येईल. बोलावणं म्हणजे बोलावणं, मग ते हिरडी दुखल्यामुळे का असेना! डबा घेऊन ते निघालेसुद्धा.

कोपऱ्यापर्यंत गेले आणि त्यांना दादा जेवताना दिसू लागला. घास घेतोय, गालावर हात धरतोय. तक्रार करेपर्यंत चार दिवस तसाच जेवेल तो.

काका मागे फिरले. कड घासून टाकली, बोट फिरवून पाहिलं. मग वाटलं, दादासाठी म्हणून काहीतरी जास्तीचं करावं. कवळी उलटून पालटून पाहिली, पण करायला काही उरलंच नव्हतं. जे होतं ते सगळं इतकी वर्षं परक्यांना देऊन झालं होतं. काकांना रडू फुटलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. "ते पेशंट एकदम खूश हो, काका! पहिल्याच दिवशी पोटभर जेवले म्हणे. तुम्हाला यायची काही गरज नाही."

"बरं झालं," काका म्हणाले. खरंच बरं झालं होतं, आणि इतकं एकटं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.