दुखऱ्या पायांच्या सवाऱ्या

माणसं गाडीतून उतरली की विषय संपला. कुत्र्यांचं तसं नसतं. सीट झाडा, मॅट धुवा, व्हॅक्यूम मारा, आठ दिवसांनी सीटबेल्टच्या खाचेतून एखादा केस निघतोच! आणि केस निघाला की त्याच्यामागून किस्सा निघतो. मेहकरच्या गाडीतळावर चहा पीत बसलो की बाकीचे ड्रायव्हर म्हणतात, "गजानन, एखादा कुत्र्याचा सांग बे!" मी सांगतो. ते हसतात, मीही हसतो. पण खरं सांगू का, यातल्या निम्म्याहून जास्त किस्स्यांत चूक माझीच आहे.

माझी सात सीटर गाडी. आमच्याकडे इंगळे मॅडमचा प्राण्यांचा दवाखाना आहे. एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे धरले, खुब्यात दुखायला लागलं, उठता येईना, की मॅडम त्याला नागपूरच्या नाहीतर संभाजीनगरच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवतात. चार-पाच तासांचा रस्ता. तिथं न्यायचं काम गेली काही वर्षं बहुतेक माझ्याकडेच येतं. गाडीतळावर मला 'डॉगवाला' म्हणतात. म्हणू देत.

* * *

पहिली सवारी देशमुख सरांचा जॉनी. लॅब्रेडॉर, वय अकरा, मागचे दोन्ही पाय धरलेले. सर हायस्कूलचे रिटायर्ड हेडमास्तर. मला वाटलं, माणसासारखंच न्यायचं, त्यात काय! मागच्या सीटवर ब्लँकेट अंथरलं, जॉनीला उचलून आडवं केलं आणि निघालो.

सिंदखेडराजाच्या अलीकडं एक गाय आडवी आली. मी कचकन ब्रेक मारला. गाय वाचली. पण जॉनी सीटवरून घसरला आणि पुढच्या-मागच्या सीटच्या मधल्या खाचेत पडला, नेमका दुखऱ्या खुब्यावर. त्याला बाहेर काढायला आम्हा दोघांना वीस मिनिटं लागली.

मी म्हटलं, "सर, जास्त नसन लागलं. ओरडला नाही तो."

सर म्हणाले, "तो ओरडतच नाही, गजानन. तेच तर वाईट आहे."

परत आल्यावर मॅडमनी मला समोर उभं केलं. "सीट माणसांना बसायला असते. कुत्रं झोपतं. मधली खाच भरून का नाही घेतलीस?"

"मले काय माहीत, मॅडम!"

"माहीत नाही, तर विचारायचं."

दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा पुडा घेऊन जॉनीला पाहायला गेलो. तो पडल्या जागेवरून उठला नाही, पण मला पाहिलं आणि शेपटी हलवली. चावला असता तर बरं वाटलं असतं!

* * *

मग मी मनावर घेतलं. चांगला सहा इंची फोम आणला, एकदम मऊ. मॅडमनी त्याच्यावर हात दाबला, हात मनगटापर्यंत आत गेला. म्हणाल्या, "हा चिखल आहे. यात रुतल्यावर आपल्यालाच उठवत नाही, त्याला कसं उठवेल? गादी घट्ट पाहिजे."

म्हणून रमजानचाचांकडे गेलो. चाचा जुने पिंजारी, कापसाच्या गाद्या भरायचे. कुत्र्यासाठी पाहिजे म्हणायची मला लाज वाटली. म्हटलं, "पेशंट आहे."

"वजन किती?"

"चाळीस किलो."

"लेकरू हाये काय?"

"नाही, म्हातारा."

"चाळीस किलोचा म्हातारा!" चाचांनी चष्मा काढला. "जेवाले घालता का नाही बे त्याले?"

शेवटी सांगितलं, चाचा, चार पायांचा आहे. मला वाटलं, आता हाकलतात. चाचा म्हणाले, "मंग पहिले सांगाचं न! कोन्या कुशीवर निजते?"

मला माहीत नव्हतं. जॉनीच्या घरी फोन लावून विचारलं. डाव्या. चाचांनी डावी बाजू जरा जास्त ठासून भरली, खाचेत बसतील असे दोन लांब लोड शिवले, आणि उठताना नखं रोवता यावीत, पाय घसरू नये म्हणून वरून जाड सतरंजी लावली. गादी अशी की पाण्याचा पेला ठेवला तर सांडू नये!

देताना म्हणाले, "एक डाव आन त्याले इकडं. कसा निजते, पाहू दे." मी म्हटलं, आणतो. नंतर दोन-तीनदा चौकात भेटले, दरवेळी विचारलं. मी दरवेळी म्हटलं, आणतो न चाचा. त्यांचं दुकान माझ्या रोजच्या रस्त्यावर होतं.

त्या हिवाळ्यात चाचा गेले. भेटायला गेलो तेव्हा चाची म्हणाल्या, "तुमीच का ते गाडीवाले? हे इचारत होते, त्याले डाव्या कुशीवर झोप लागते का म्हून."

* * *

बिबीचे शिवाजी काका म्हणजे सहा फुटी गडी, आणि त्यांचा कुत्रा दारासिंगही तसलाच. मी तोवर चढायला-उतरायला फळी करून घेतली होती. पाय घसरू नये म्हणून तिच्यावर बारदान ठोकलं होतं. काका फळीकडं पाहून हसले. "फळी काऊन? म्या याले एवढुसा होता तवापासून उचलून राह्यलो!"

मी म्हटलं, काका, त्याला एक हात छातीखाली आणि एक मागं देऊन सरळ उचलावं लागतं, तुम्हाला एकट्याला जमणार नाही.

"तू सरक बे."

काकांनी उचललं. दारासिंग गाडीत गेला. काका मात्र वाकले ते वाकलेच! कंबर धरली. ना बसता येई, ना उभं राहता येई. डॉक्टरची वेळ ठरलेली. शेवटी काकांना गादीवर आडवं केलं आणि दारासिंगला मधल्या सीटवर लोड लावून बसवलं. तो खिडकीतून ऐटीत बाहेर पाहत होता.

टोलवरच्या माणसानं आत डोकावून विचारलं, "पेशंट कोन हाये?"

काका मागून ओरडले, "मी!"

हा किस्सा सांगितला की गाडीतळावर हमखास हशा होतो. पुढचं मी सहसा सांगत नाही. काकांची कंबर पुन्हा नीट झाली नाही. मी फळी आधी लावली असती आणि मग हाक मारली असती, तर एवढं झालं नसतं. मी फक्त तोंडानं सांगत उभा राहिलो.

* * *

आता घरचा एक.

मॅडमनी शिकवलं होतं, पोचल्यावर कुत्र्याला लगेच खाली ओढायचं नाही. बसून बसून सांधे आखडलेले असतात. पाच मिनिटं पाय चोळायचे, हलके हलके हलवायचे, मग उतरवायचं. मी हे इतकं नेमानं करायचो की लोक थांबून बघायचे.

माझी बहीण नांदुऱ्याला दिलेली. तिच्याकडे बाबांना घेऊन गेलो. बाबांचे गुडघे दहा वर्षांपासून दुखतात. बहिणीच्या घरासमोर रस्ता अरुंद, मागं दोन ट्रक येऊन उभे राहिले, हॉर्न वाजायला लागले. मी म्हटलं, "बाबा, उतरा लवकर! मांगं गाड्या थांबल्या!"

बाबांनी दार उघडलं, एक पाय खाली टेकवला आणि दुसरा यायच्या आत गुडघ्यावर पडले. पायजमा फाटला, रक्त आलं. मी धावत गेलो, काखेत हात घालून उठवलं. म्हटलं, "बाबा, सांगायचं न, पाय आखडले म्हणून!"

बाबांनी पायजम्याची धूळ झटकली. "माह्या गळ्यात पट्टा नाही न बे. तुले कसं दिसन!"

बहीण हसली. बाबाही हसले. मी गाडी बाजूला लावायला म्हणून गेलो, आणि बराच वेळ परत आलो नाही.

* * *

कमलताई हिवरा आश्रमच्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर. घरात त्या आणि त्यांची राणी. साधी गावठी कुत्री, पण ताई तिला औषध देत तेही घड्याळ लावून. राणीच्या मागच्या पायाचं ऑपरेशन ठरलं. ताईंनी महिनाभर आधी मला सांगून ठेवलं. मी शब्द दिला.

आदल्या दिवशी नात्यातल्या एकाचा फोन आला. वरातीचा गाडीवाला ऐनवेळी फिरला, तू ये. मी म्हटलं, नात्यातलं आहे. शिवाय खरं सांगतो, कुत्र्यांची गाडी म्हणून लग्नाचं कोणी बोलवत नव्हतं, त्यामुळे फुलं लावून गाडी मिरवायची मला हौस आली होती. ताईंना फोन करून म्हटलं, गाडीचं काम निघालं.

ताईंनी दुसरी गाडी पाहिली. मिळाली ती पिकअप. मागच्या उघड्या हौद्यात ताई राणीला मांडीवर घेऊन बसल्या. हौदा आदळत होता. ऑपरेशन झालं, राणी वाचली, पण तो पाय तिनं पुन्हा टेकवला नाही. आणि कुठलीही गाडी दारात थांबली की ती घरात पळून पलंगाखाली शिरायची. तीन पायांवर!

महिन्यानं मला धीर झाला. मी गेलो. काय बोलायचं ते रस्ताभर ठरवत होतो. ताईंनी चहा दिला. माझ्या गाडीच्या बॉनेटवर फुलांच्या टेपचे डाग राहिले होते, ते त्यांनी खिडकीतून पाहिले.

म्हणाल्या, "लग्न चांगलं झालं का रे?"

* * *

सगळ्यात शेवटी तायडे काकांचं सांगतो.

तायडे काका एसटीचे ड्रायव्हर होते. रिटायर झाले, डोळ्यांनी कमी दिसायला लागलं, म्हणून स्वतः गाडी चालवायची बंद केली. बायको गेलेली. सोबतीला बादशाह, जर्मन शेफर्ड, बारा वर्षांचा. पाठीपासून मागं सगळे सांधे धरलेले. नागपूरला सांध्यात इंजेक्शन द्यायला दोन-तीन महिन्यांनी न्यायचो.

काका पुढं बसायचे, पण तोंड मागं. मला शिकवायचे. "ब्रेक आतापासून दाब, मऊ दाब. वळनावर स्टेअरिंग चोरून फिरव. त्याले कळलं नाही पायजे, वळन आलं म्हून."

समृद्धी महामार्गावरून लवकर पोचता येतं, पण तिथं वाटेत झाडाखाली गाडी थांबवता येत नाही. म्हणून काकांना जुनाच रस्ता लागायचा, मालेगाव-कारंज्यावरून. मनगटावर घड्याळ. बरोबर तास झाला की, "थांबव. तास झाला." मग बादशाहला खाली घ्यायचं. दहा पावलं तिकडं, दहा पावलं इकडं. पाणी पाजायचं. पाच मिनिटं. मग, "चाल."

एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, तुमची एसटी बी अशीच थांबत होती काय?"

काकांनी मागं वळवलेलं तोंड पुढं केलं. मग म्हणाले, "नाही. म्या कधी गाडी लेट केली नाही. एक डाव एका म्हातारीनं मांगून आवाज देला, 'ड्रायवरदादा, पाय अवघडले, जरा थांबवा.' म्या म्हनलं, बाई, हे एसटी हाये, घरची गाडी नाही. पुढच्या स्टँडवर ते बाई उतरली, त तिले चालताच येईना. दोन मानसांनं धरून नेलं. म्या आरशातून पाह्यलं, अन् बेल वाजली, गाडी काढली."

त्यानंतर मी थांबण्यावरून कधी कुरकुर केली नाही. तास झाला की मीच गाडी हळू करायचो.

गेल्या उन्हाळ्यात शेवटचं निघालो. सकाळी निघतानाच बादशाह मान वर करत नव्हता. पहिल्यांदा थांबलो तेव्हा त्यानं चार पावलं टाकली. कारंज्याच्या पुढं, दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा ते आठवत नाही, एका निंबाखाली थांबलो. त्याला खाली घेतलं. तो चाललाच नाही. सावलीत बसला, मग आडवा झाला. काका शेजारी मांडी घालून बसले, त्याचे पाय चोळत राहिले, आधी उजवा, मग डावा. मी बाटलीचं झाकण उघडून उभा होतो.

थोड्या वेळानं काका म्हणाले, "गजानन, पुढं जाचं काम नाही आता."

आम्ही दोघांनी त्याला उचललं, एक हात छातीखाली, एक मागं. गादीवर ठेवलं. काकांनी अंगावर चादर घातली, तोंड उघडं ठेवलं. मी गाडी मेहकरकडं वळवली. मी सावकाश चालवत होतो, खड्डे चुकवत होतो, कशासाठी ते मलाही माहीत नाही. काका नेहमीसारखे तोंड मागं करून बसले होते. मालेगावच्या अलीकडं मात्र त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ पाहिलं.

"थांबव," म्हणाले. "तास झाला."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. काका उतरले, मागचं दार उघडलं आणि दाराला धरून पाच मिनिटं उभे राहिले. मग दार लावलं, पुढं येऊन बसले.

"चाल."