बाबूभाईंच्या किल्लीचं टोक

नागभीडचे बाबूभाई लग्नाची शूटिंग करायचे, पण त्यांचा विश्वास कशावरच नव्हता. नवरदेवावर नाही, लाईटवाल्यावर नाही, स्वतःच्या कॅमेऱ्यावर तर मुळीच नाही. विश्वास एकट्या डीव्हीडीवर, कारण तिच्यात भरलेलं डोळ्यांना दिसतं.

गिऱ्हाईक आलं की तबकडी उजेडात तिरपी धरायची. लिहिलेला भाग गडद दिसतो. मग स्कूटरच्या किल्लीचं टोक टेकवून आतून बाहेर जायचं, "हे पाय, इथी हळद. इथी बुद्धवंदना. हे जेवण. अन् काठाले, पाठवणी."

२००८ साली रामाजींच्या खुशबूचं लग्न झालं आणि नेमके त्याच दिवशी रामाजी मलेरियानं चंद्रपूरच्या दवाखान्यात. मुलगी सासरी मुलचेऱ्याला गेली, तेव्हा बाप सलाईनवर. घरी आल्यावर त्यांना एकच पाहायचं होतं, ती पाठवणी.

खुशबूचा भाऊ कुलदीप त्याआधीच पेनड्राइव्ह घेऊन दुकानात गेला होता. "बाबूभाई, यातही टाका."

बाबूभाईंनी तो शेजारच्या सोनाराच्या काट्यावर तोलला. भरून पुन्हा तोलला. "गुंजभरही वाढला नाई! लग्न गेलं कुठी?"

"वजन नसते त्याले."

"पाचशे लोक जेवले, अन् वजन नाई? मले तर फसवेगिरीच वाटते!"

तरी कुलदीपनं पेनड्राइव्ह खिशात घातलाच. बाबूभाईंनी नेहमीप्रमाणे कॅमेऱ्याच्या त्याच कॅसेटवर पुढचं लग्न उतरवलं, कॉम्प्युटर रिकामा केला आणि महिनाभर ती डीव्हीडी येणाऱ्या-जाणाऱ्याला किल्लीनं दाखवली. पाठवणी सगळ्यांना आवडायची, म्हणून काठावर मुक्काम जास्त.

रामाजी घरी आले. बाबूभाई स्वतः डीव्हीडी घेऊन हजर. हळद झाली, वंदना झाली, जेवणही झालं. खुशबू गाडीकडे निघाली, आणि थिजली. तिच्या नाकाच्या जागी निळे चौकोन. टीव्ही घरघरला. रामाजी चादर मुठीत धरून बसले.

"माही पोरगी कुठी गेली, बाबूभाई?"

बाबूभाईंनी तबकडी काढून तिरपी केली. काठावर ओरखड्यांची जाळी. किल्ली खिशात होती, आणि त्यांना पहिल्यांदाच ती जड वाटली.

कुलदीपनं पेनड्राइव्ह प्लेअरला खोचला. बाबूभाई संशयानं प्लेअरच्या मागं वाकून पाहत राहिले. पण खुशबू गाडीत बसली, काच खाली करून म्हणाली, "बाबाले सांगजा, मी रडली नाई," आणि लगेच रडली. रामाजींनी डोळे पुसले आणि पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. आणखी एकदा.

शेवटी बाबूभाईंनी पेनड्राइव्ह उपसला, खिडकीत उजेडाकडे धरला, तिरपा केला, उलटा केला. हात नकळत खिशाकडे गेला.

"बाबूभाई!" रामाजी खाटेवरून ओरडले. "किल्ली खिशातच राहू द्या!"